शनिवारच्या वर्तुळाखालची सतरंजी

मी एक सतरंजी आहे. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, बारा फूट लांब आणि नऊ फूट रुंद. माणसं एकमेकांना तोंडावरून ओळखतात, मी बसण्यावरून ओळखते. कोण धपकन बसतं, कोण गुडघ्यावर हात टेकत बसतं, कोण उठायच्या तयारीत कडेला नुसतं टेकतं, हे मला सगळ्यांच्या आधी कळतं. एवढंच माझं शिक्षण आहे आणि त्याच्या जोरावर मी हे सांगतेय.

माझा जन्म एका कारागृहाच्या विणकाम विभागात झाला. मला विणणाऱ्याचं नाव सटवाजी. शेताच्या बांधावरून सख्ख्या भावाच्या डोक्यात कुदळीचा दांडा घातल्यामुळे तो तिथे आला होता. हात मात्र फार सफाईदार. विणता विणता शेजारच्या मागावरच्या माणसाला तो सांगायचा, "भाऊ मानूस म्हून लय चांगला हाय. बांध तेवढा वाकडा." तेव्हा कुटुंबातली भांडणं माझ्या कानावर पडली ती जन्माच्याही थोडी आधीच.

कैद्यांच्या वस्तूंच्या प्रदर्शनातून मला पेडगावच्या माणिकरावांनी घेतलं. माणिकराव गावातलं वजनदार माणूस, दोन्ही अर्थांनी. कुणाच्या घरात बिनसलं की बैठक त्यांच्या ओसरीवर व्हायची आणि बैठकीसाठी मी. एरवी मी पेटीत डांबरगोळ्यांच्या संगतीत पडून असायचे. मला झटकायचा आवाज आला की गल्लीला कळायचं, आज कुणाचं तरी प्रकरण आहे.

बैठकीत कोणी कुठे बसायचं हे ठरलेलं होतं. भिंतीकडे म्हातारे, समोर मुलाकडचे, दाराकडे मुलीकडचे, आणि जिच्यावरून हे सगळं चाललंय ती बाई आत, चौकटीला धरून उभी. पंधरा वर्षांत तिथे साठेक घरं मोडता मोडता वाचली, असं माणिकराव सांगत. वाचलेली माणसं पुन्हा माझ्यावर येऊन बसली नाहीत, त्यामुळे मला खात्री देता येत नाही.

माणिकराव थकले, बैठका बंद पडल्या. त्यांच्या सुनेने मला धुतलं, दोन दिवस उन्हात टाकलं आणि परभणीतल्या एका संस्थेला देऊन टाकलं. देताना ती म्हणाली, "घेऊन जा बाई. घरात असली की कुनी ना कुनी बसायला येतंय."

संस्थेत मला वाटलं, आता वाढदिवस, भजन, फार तर रक्तदान. पण नशीब. तिथे कुटुंबांना सल्ला देणारी माणसं घडवण्याचा एक वर्षाचा वर्ग निघाला होता. दर शनिवारी, दहा ते एक. म्हणजे बैठक होतीच, फक्त आता ती शिकवणार होते.

शिकवायला राजेश्री मॅडम. मूळच्या जिंतूरच्या, शिक्षण मोठ्या शहरात झालेलं. मांडी घालून ताठ बसायच्या आणि मांडीवर वही ठेवायच्या. शिकणारे आठ जण. त्यातले चौघं सांगण्यासारखे. महारुद्र सर, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, वय सेहेचाळीस. बसायचे तेव्हा माझे चार पट्टे व्यापून बसायचे. चतुराबाई, अंगणवाडीतून निवृत्त, पिंगळीहून रेल्वेने यायच्या. प्रवास एका स्टेशनाचा, त्याची हकीकत मात्र नांदेडपर्यंतची. सिद्धोधन, नुकताच वकील झालेला, सगळं लिहून घ्यायचा, पंखा बंद पडला तरी लिहायचा. आणि साधना, अठ्ठावीस वर्षांची, बोरीहून एसटीने येणारी.

मॅडमची एक अट होती. पहिला एक तास काही शिकवायचं नाही. सगळ्यांनी गोल बसायचं आणि आपल्या-आपल्यात काय चाललंय ते बोलायचं. त्या म्हणाल्या, "कुटुंबासमोर बसण्याआधी आपण आठ जण एकमेकांसमोर कसे बसतो ते बघू. चार माणसं दर आठवड्याला एकत्र बसली की त्यांचंही एक घर होतं. कुणी कर्ता होतो, कुणी रुसतो, कुणी सगळ्यांचं करत बसतं. आपलं घर आपल्याला ओळखता आलं नाही, तर दुसऱ्याचं काय ओळखणार?"

मग त्यांनी विचारलं, "तर, इथे आत्ता काय चाललंय?"

सगळे गप्प. अकरा मिनिटं. मी मोजली, कारण बारा पायांना एकाच वेळी मुंग्या आल्याचं मला जाणवत होतं. शेवटी चतुराबाई म्हणाल्या, "काय न्हाई, समदं चांगलं चाललंय." सिद्धोधनने ते लिहून घेतलं.

त्याच दिवशी मॅडमनी आणखी एक प्रश्न विचारला होता. "तुमच्यापैकी कुणी एकमेकांना आधीपासून ओळखतं का? नातं, शेजार, काही?" कुणी बोललं नाही. मॅडमनी वहीत 'नाही' लिहिलं. पुढचे सहा महिने त्या 'नाही'वर काढले.

साधना पहिल्या दिवसापासून माझ्यावर बसली नाही. सगळे माझ्यावर, ती माझ्या कडेपासून वीतभर लांब, उघड्या फरशीवर. मॅडम म्हणाल्या, "आत या ना." ती म्हणाली, "बरी हाय इथंच." दुसऱ्या शनिवारी तेच, तिसऱ्याही. खरं सांगते, मला राग आला. मी स्वच्छ होते. पावसाळ्यातसुद्धा मला वास नव्हता.

बसायची नाही, बोलायचीही नाही. साडेअकराला उठून आतल्या खोलीत जायची आणि नऊ कप चहा करून आणायची. हे काम तिला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी थांबवलंही नव्हतं. महारुद्र सर चहाचा घोट घ्यायचे आणि चतुराबाईंकडे बघून म्हणायचे, "चहा चांगला झालाय." एकदा म्हणाले, "त्यांना म्हणावं, साखर थोडी कमी चालेल." चतुराबाईंनी मान वळवून तिला सांगितलं, "साखर कमी कर गं." साधनाने मान हलवली. दोघांमध्ये अंतर चार फुटांचं होतं. मॅडमना वाटलं, सर फार अदबीचे आहेत.

हळूहळू मॅडम म्हणाल्या तसं तिथे घर झालं. पहिल्यांदा बोलायचं महारुद्र सरांनी, हे ठरून गेलं. त्यांच्या म्हणण्यात काय राहिलं ते चतुराबाई सांगायच्या. सिद्धोधन दोघांचंही कसं बरोबर आहे ते सांगायचा. उरलेले चौघं हूं हूं करायचे. आणि विषय संपला की सगळे मिळून साधनाला सुधारायला घ्यायचे.

"तिला न्यूनगंड आहे," सिद्धोधन म्हणाला.

"गर्व हाय," चतुराबाई म्हणाल्या. "मानूस गप बसतंय ते दोनच कारनानं. एक तर तोंडात पान, न्हाई तर गर्व. हिच्या तोंडात पान न्हाई."

"लहानपणी काही घडलेलं असू शकतं," उरलेल्या चौघांपैकी एक जण म्हणाला. त्याला तेवढं एकच वाक्य बोलायला मिळायचं, आणि तो ते सगळ्यांबद्दल वापरायचा.

महारुद्र सर तिच्याबद्दल मात्र कधी काही बोलले नाहीत. त्या वेळी ते पंख्याकडे बघायचे. मॅडम ऐकत होत्या, लिहीत होत्या, आणि दर वेळी तिला मायेने विचारत होत्या, "साधना, तुला काय वाटतंय?" ती म्हणायची, "काय न्हाई." मी हे सगळं पेडगावला ऐकलं होतं. शब्द तेवढे नवीन होते.

चौथ्या महिन्यात एका शनिवारी महारुद्र सर शाळेच्या कामामुळे आले नाहीत. दहा वाजता साधना आली, दारात थांबली, गोल बसलेल्यांवरून एकदा नजर फिरवली आणि सरळ माझ्यावर येऊन बसली. अगदी मधोमध. मला काही सुचेना. हलकं वजन, पण ऐसपैस बसणं, जणू आपल्याच घरात. त्या दिवशी ती एक तास बोलली. बोरीला पुढच्या वर्षी सल्ला केंद्र निघणार आहे, तिथली जागा तिला हवी आहे, म्हणून ती आलीय. नवरा योगीराज चांगला आहे, पण त्याने एकच वर्ष कबूल केलंय. "ह्या वर्षात झालं तर झालं," ती म्हणाली. "पुन्यांदा मला कुनी घराभाईर सोडनार न्हाई. घरी मी सांगितलंय की वर्गात समद्या बायाच हायेत." मग ती हसली. सिद्धोधनचं पेन थांबलं होतं, म्हणजे तिने खरंच काहीतरी ऐकण्यासारखं सांगितलं असावं.

मॅडमनी वहीत लिहिलं, 'सुधारणा.' पुढच्या शनिवारी सर आले. साधना फरशीवर गेली. मॅडमनी लिहिलं, 'पुन्हा मागे.'

तेव्हा मला उलगडा झाला. मी पंधरा वर्षं बैठकीखाली काढली होती. कोण कुणासमोर बसत नाही हे मला नाही कळणार तर कुणाला? पण सतरंजीला कोण विचारतं? मी कोपरा दुमडून पाहिला. महारुद्र सर त्यात अडखळले आणि चतुराबाईंनी मला पायाने सरळ केलं.

सहा महिने झाले आणि सहामाहीचा शनिवार आला. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, जो वर्तुळात नियमाने बोलत नाही त्याला खऱ्या कुटुंबासमोर बसवता येणार नाही, आणि कुटुंबासमोर बसल्याशिवाय वर्ग पुरा होत नाही. सकाळी लवकर येऊन त्यांनी साधनाच्या नावापुढे काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मग सुस्कारा टाकला. त्या वाईट नव्हत्या. त्यांना जे दिसत होतं तेच त्या लिहीत होत्या.

त्या दिवशीचं काम असं होतं. प्रत्येकाने उठायचं आणि तोंडातून शब्द न काढता आपला हा गट कसा आहे ते माणसं जागेवर उभी करून दाखवायचं. चतुराबाईंनी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि स्वतः पुढे उभ्या राहिल्या. अंगणवाडीत तीस वर्षं हेच केलं होतं. सिद्धोधनने दोन गट समोरासमोर केले आणि मॅडमना न्यायाधीश केलं. महारुद्र सरांनी मॅडमसकट सात जणांना जवळजवळ उभं केलं, आणि साधनाच्या वेळी ते घुटमळले, मग तिला तसंच सोडून खाली बसले.

मग साधनाची पाळी.

ती उठली. कुणाला हात लावला नाही, कुणाला हलवलं नाही. सगळे होते तिथेच बसले होते. तिने महारुद्र सरांकडे पाठ केली, डोक्यावरून पदर घेतला आणि दाराशी जाऊन चौकटीला धरून उभी राहिली.

पदर घ्यायची रीत परभणीत कुणाला समजावून सांगावी लागत नाही. आधी चतुराबाई उठल्या. गुडघा कडकन वाजला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "हे तुजे भाया हायेत का?"

महारुद्र सरांनी पंख्याकडे बघत उत्तर दिलं.

"चुलत."

"चुलत असू न्हाई तर सख्खा, भाया तो भाया!" चतुराबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. "नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्या म्होरं ती पोर बोलंल कशी? एका सतरंजीवर बसंल कशी? आन् आमी तिला गर्विष्ठ म्हनायलो!" त्यात 'आमी' कशाला, असं मला वाटलं, पण असो.

राजेश्री मॅडमनी वही मिटली. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच नीट पाहिला, कारण त्यांनी मान खाली घातली होती. "पहिल्या दिवशी मी विचारलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ओळखता का म्हणून."

"समद्यांसमोर विचारलं, मॅडम," साधना दाराकडूनच म्हणाली. 'काय न्हाई'च्या पलीकडे सरांसमोर तिने उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. "ते बसले असताना मी कसं सांगू? आन् घरातल्या बाईचं नाव चार लोकांत ते कसं घेतील? सहा महिनं तुमी मला विचारायलात, तुला काय वाटतंय. कुनासमोर वाटतंय, हे एकदा बी विचारलं न्हाई."

सिद्धोधनने हे लिहिलं नाही. पेन खाली ठेवलं.

"माझं चुकलं," मॅडम म्हणाल्या. "मी तुझ्यात शोधत बसले. बसण्यात शोधायला हवं होतं." मला उगाच कोपऱ्यापर्यंत बरं वाटलं.

महारुद्र सर उठले. माझ्यावरून उतरून फरशीवर गेले आणि चतुराबाईंना म्हणाले, "त्यांना म्हणावं, वर बसा. मी इथं बसतो."

"न्हाई," साधना म्हणाली. "मग तुमी खाली आन् मी वर. निस्ती अदलाबदल झाली. मला बी बोलायचंय आन् मला तुमचं बी ऐकायचंय."

मॅडमनी खुर्च्या आणायचं सुचवलं. चतुराबाईंनी ते लगेच फेटाळलं. "खुर्चीवर तर भायासमोर बिलकुल न्हाई बसायची. दुसरी सतरंजी हाय का?" दुसरी नव्हती. मागवायला अर्ज करावा लागणार होता, आणि एक वाजता खोली दुसऱ्या कार्यक्रमाला द्यायची होती. चतुराबाई माझ्याकडे बघत राहिल्या. अंगणवाडीत एका केळ्याचे चौदा तुकडे केलेली बाई ती. तिचं ते बघणं मला आवडलं नाही.

"दोन सतरंज्या असल्यावर हरकत न्हाई," त्या म्हणाल्या. "आमच्यात बी तसंच हाय. शेजारी शेजारी टाकायच्या, पन दोन पायजेत. मंग हिच्याच दोन करा की."

मी काय बोलणार? आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तूला अशा वेळी किंचाळता यावं, अशी सोय कुणी केलेली नाही.

तक्ते कापायची एक कात्री होती. माझ्यासारखं जाड कापड तिने कापायचं म्हणजे हाताला घट्टे. सिद्धोधनने दहा इंच कापलं आणि अंगठा चोळत बसला. मग दुसऱ्याने घेतली, मग तिसऱ्याने. हूं हूं करणारे चौघं पहिल्यांदाच एकमेकांना हुकूम सोडत होते. "सरळ धर." "तिकडं नको, पट्ट्यानं चल." सहा महिन्यांत त्या आठ जणांनी मिळून केलेलं हे पहिलं काम, आणि त्यात कुणीही कर्ता नव्हता. मॅडमसुद्धा गुडघ्यावर येऊन कापत होत्या.

कापताना कापड ताणून धरावं लागतं. एक टोक महारुद्र सरांनी धरलं. दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं. साधनाने चतुराबाईंकडे पाहिलं. "धरायला बंदी न्हाई," चतुराबाई म्हणाल्या. "बसायला हाय." साधनाने दुसरं टोक धरलं. दोघं मला दोन्हीकडून ओढत होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते. दुखलं. पण इतक्या वर्षांत मला इतक्या काळजीने कुणी धरलं नव्हतं, हेही खरं.

मग माझे दोन तुकडे शेजारी अंथरले. मध्ये दोन बोटांची फट. एकावर सर बसले, दुसऱ्यावर साधना. पदर डोक्यावर होता. तोंड मात्र समोर होतं.

"दादा," ती म्हणाली, "चहा चांगला झालाय म्हून तुमी चतुराबाईंना सांगता. चहा मी करते. मला सांगा."

सर पंख्याकडे बघणार होते. मध्येच त्यांनी मान खाली आणली.

"चहा चांगला असतो," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्या कापलेल्या कडेचा एक धागा बोटाला गुंडाळला. "साखर जास्त असते."

चतुराबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या आणि मग कुणालाच आवरेना. साधनाही हसली. हसणं थांबल्यावर ती म्हणाली, "मला दर शनिवारी भीती वाटायची. तुमी घरी सांगाल, वर्गात पुरुष बी हायेत म्हून."

"मी कसं सांगणार?" सर म्हणाले. "मी घरी शिक्षक संघटनेची मीटिंग म्हणून सांगितलंय. घरं सुधारायला शिकतोय म्हटलं असतं तर आमची मंडळी म्हणाली असती, आधी आपलं घर बघा." मग आवाज खाली आला. "बोरीचं केंद्र तुलाच मिळावं, साधना. असं मला पहिल्या दिवसापासून वाटतंय. सांगता आलं नाही."

तिने डोळे पुसले. चतुराबाईंनीही पुसले, त्यांना कुणी काही म्हटलेलं नसताना. मॅडमनी वही उघडली, साधनाच्या नावापुढचं सगळं खोडलं आणि आपल्या स्वतःच्या नावापुढे काहीतरी लिहिलं. त्या दिवशी चहा सिद्धोधनने केला. तो कुणी प्यायला नाही.

दोन महिन्यांनी साधना पहिल्या खऱ्या कुटुंबासमोर बसली. नवरा, बायको, सासू आणि दीर. बाकीचे सात जण मागे बसून ऐकत होते, महारुद्र सर धरून. तिने सल्ला दिला नाही. आधी चौघांना म्हणाली, "तुमी घरी कसं बसता, तसं बसून दाखवा." मग बराच वेळ नुसती बघत राहिली. मागे सरांनी शेजारच्याच्या कानात सांगितलं, "आमच्या घरची आहे." चोरून नव्हे, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आता वर्ग संपायला आलाय. माझ्या कापलेल्या कडांचे धागे सुटतात, माणसांच्या पायात येतात. गेल्या शनिवारी राजेश्री मॅडम सुई-दोरा घेऊन आल्या. चतुराबाई म्हणाल्या, आता सगळं मोकळं झालंय, पुन्हा एक करून टाकू, दिसायला बरी दिसेल. मॅडम विचार करतायत. उद्या शनिवार.

मॅडम, तुमच्यापर्यंत पोचत असेल तर ऐका. एवढ्या वर्षांत मी स्वतःसाठी काही मागितलं नाही. मला जोडू नका. मी एक होते तेव्हा ती मुलगी सहा महिने फरशीवर बसली. शिवायचंच असेल तर माझ्या दोन्ही कडा वेगवेगळ्या शिवा, पक्क्या शिवा, आणि मला शेजारी शेजारी अंथरा.